हनुवटी वर

वाळूजच्या एका कंपनीत माझी उभी हयात क्वालिटीत गेली. तिथं गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि ते बरे की वाईट हे ठरवणं माझं काम. टेबलाशी तीन ट्रे असायचे. बरोबर निघालेला भाग हिरव्या ट्रेत, चुकलेला लाल ट्रेत, आणि ज्याचं काही सांगता येत नाही तो पिवळ्यात. मापाचं गेज नीट बसलं नाही, भागाला तेल लागलेलं होतं, उजेड कमी पडला, कारण काहीही असो, नीट मोजता आलं नाही की पिवळा. नवीन पोरं कामावर आली की मी पहिल्या दिवशी त्यांना ऐकवायचो की हिरवा आणि लाल कुणालाही जमतो, आपल्याला पगार पिवळ्याचा मिळतो. पोरं माझ्या मागं माझी नक्कल करायची. मला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

घरातही ही खोड गेली नाही. भाजी निवडायला बसलो तरी मी काड्या उजेडात धरून बघायचो. बायको माझ्या हातातून जुडी ओढून घ्यायची आणि म्हणायची, "मेथी हाय ती, गाडीचा पार्ट नाय. तुमच्या भरवशावर बसलं तर जेवायला दिवस मावळंल." ती कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, शेतात वाढलेली. लग्न होऊन सिडकोतल्या आमच्या घरात आली, मुलगी वाढवली, तिला सासरी लावून दिली, पण बोलणं मात्र माहेरचंच ठेवलं. सुरुवातीला मला लाज वाटायची. पुढं पुढं ते बोलणं कानावर पडलं नाही तर घरात कुणी नाही असं वाटू लागलं.

ट्रेचं हे पुराण आधी लावलं, कारण पुढं जे झालं ते मी असा माणूस असल्यामुळं मला जास्त लागलं. दुसऱ्या कुणी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. मला ते जमत नाही.

मी रिटायर झाल्यानंतरच्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. आधी हळद-दूध झालं, मग काढा झाला, मग गल्लीतल्या डॉक्टरांची बाटली झाली. खोकला हटेना. उजवा खांदाही दुखतो म्हणायची, पण ते आम्ही खोकून खोकून दुखत असेल यावर ढकललं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिला. आमच्या भागात तेव्हा एक नवीन तपासणी केंद्र निघालं होतं. बाहेर भला मोठा फलक, त्यावर फुप्फुसांचं निळं चित्र, आणि खाली लिहिलेलं की इथं एक्स-रे संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं वाचला जातो, रिपोर्ट ताबडतोब. मी तिला तिथंच नेलं. घराजवळ दुसरं एक जुनं केंद्र होतं, पण मला ते यंत्र बघायचं होतं.

एक्स-रे काढणारा माणूस चाळिशीचा असेल. बोलायला गोड, हातात काम भरपूर. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली होती. त्यानं तिला कानातलं आणि केसांतल्या पिना काढायला सांगितल्या. तिनं काढून माझ्या हातात दिल्या. मग तो म्हणाला, "मावशी, गळ्यातलं पण."

"ते नाय निघायचं," ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. भांडण नव्हतं, हट्टही नव्हता. हात काढून ठेवा म्हटलं असतं तर जसं बोलली असती तसं बोलली. त्या माणसानंही वाद घातला नाही. त्याच्याकडं रोज येणाऱ्या बहुतेक बायका हेच म्हणत असणार. "ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला, "वर घ्या आणि दातात धरा. छातीवर नाय आलं पाहिजे."

तिनं मंगळसूत्र वर ओढलं, दोन्ही वाट्या ओठांत घेतल्या, काळे मणी दातांत पकडले. सर काही लांब नव्हता, त्यामुळं मान आपोआप खाली गेली आणि हनुवटी गळ्याच्या खळग्यात रुतून बसली. खांदे पुढं, डोळे वर माझ्याकडं. मी दारात तिची पर्स आणि पिना घेऊन उभा होतो. चोरून गूळ खाताना सापडलेल्या लेकरासारखी दिसत होती. मला हसू आलं आणि ते बघून तिलाही आलं, तर तो माणूस म्हणाला, "हसू नका मावशी, श्वास भरून धरा." तिनं धरला. झालं.

रिपोर्टला खरंच वेळ लागला नाही. कागदावर तिच्या छातीचं चित्र होतं, शेजारी हिरवी खूण, आणि कोणताही दोष आढळला नाही असं छापलेलं. खाली डॉक्टरांची सही. मी त्या माणसाला विचारलं की यंत्राला हे कळतं कसं. तो कामातून मान न काढता बोलला, पण चांगलं समजावून बोलला. आजारी छात्यांच्या आणि चांगल्या छात्यांच्या ढिगानं फिल्म त्याला दाखवतात. ही टीबीची, ही गाठीची, ही बरी. बघून बघून त्याची नजर तयार होते. माझ्या तर हे लगेच गळी उतरलं. आम्हीही पोरांना असंच तयार करायचो. स्कूटरवर घरी येताना मी वाटभर तिला हेच ऐकवत होतो, की माणसाचा डोळा थकतो, यंत्राचा थकत नाही, संध्याकाळी सहा वाजता माणूस जे पास करेल ते यंत्र करणार नाही. ती मागून म्हणाली, "लई गुणाचं हाय तर त्यालाच करायचं होतं जावई." मग खोकली, आणि मला घट्ट धरून बसली.

खोकला पुढं आपोआप गेला. आता वाटतं, तो राहिला असता तर बरं झालं असतं. खोकला गेला म्हणून छातीचा विषय मिटला. राहिला तो फक्त खांदा.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, आणि येईल तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरावं लागतं. पाण्याच्या दिवशी आमच्या घरात ती हुकूम सोडायची आणि मी हमाली करायचो, पण बादल्या उचलायला ती माझ्या पुढं. त्या उन्हाळ्यात अशाच एका पाण्याच्या दिवशी तिच्या हातातून भरलेली बादली सुटली. अंगणभर पाणी झालं. पाणी सांडलं याचंच तिला इतकं वाईट वाटलं की हात का सुटला हे विचारायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ती पायपुसण्यानं ते पाणी गोळा करून झाडांना घालत बसली.

हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फाईल उघडली, वरच हिरव्या खुणेचा कागद होता. "छाती क्लिअर आहे ना, मग चिंता नाही," ते म्हणाले. खांदा आखडलाय असं निदान झालं. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं, असा व्यायाम दिला. ती स्वयंपाक करता करता ओट्याशेजारच्या भिंतीवर करायची, त्यामुळं भिंतीवर पिठाच्या बोटांचे ठसे उमटले. रोज थोडं वर जायला हवं होतं. ते थोडं थोडं खाली यायला लागले. मी तिला रागावलो की तू मनापासून करत नाहीस. ती म्हणाली, "तुमच्यासंगट सौंसार मनापासून केला, ही भिंत काय चीज हाय."

मग शहागंजच्या मागं एक मालीश करणारे म्हातारे पहिलवान आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी खांदा दाबून पाहिला, तेल चोळलं, "आपा, ठंड बैठी है, उतर जाती," म्हणाले. ती त्या दिवशी गाढ झोपली. पुन्हा दुखायला लागलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मानेच्या मणक्याचं सांगितलं आणि पट्टा दिला. जो तो फाईल उघडायचा, पहिला कागद बघायचा, आणि छाती सोडून बाकी सगळीकडं शोधायचा. त्यांना तरी काय बोलू? मीही तेच करत होतो. हिरव्या ट्रेतला माल पुन्हा कुणी मोजत नाही.

पावसाळा संपता संपता तिची करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोट. भाकरी थापताना एका बाजूनं जाड राहायला लागली. ती काठ कापून टाकायची, मला दिसू नये म्हणून. दिवाळीला तिची बहीण कन्नडहून आली. दारातच थांबून तिच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "अगं बये, तुझा ह्यो डोळा बारीक का दिसायलाय?" तेव्हा मी नीट पाहिलं. उजवी पापणी खाली आली होती. रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाला, आयुष्यभर मायक्रोमीटर धरलेल्या माणसाला, ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर सगळं वेगानं झालं. पापणीचं ऐकल्याबरोबर एका डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि छातीचा सीटी स्कॅन करायला पाठवलं. मी म्हणालो, छाती स्वच्छ आहे, रिपोर्ट आहे. ते म्हणाले, "असू द्या काका, करून घ्या." उजव्या फुप्फुसाच्या अगदी टोकाशी, गळपट्टीच्या हाडामागं, गाठ निघाली. तिथून हाताला जाणाऱ्या नसा ती दाबत होती, डोळ्याकडं जाणारीही. खांद्याचं दुखणं खांद्यात कधी नव्हतंच. आणि तोवर ती गाठ पाठीच्या मणक्यात उतरली होती.

कॅन्सरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. डोक्यावर रुमाल घट्ट बांधलेला, मराठी स्वच्छ, मधूनच उर्दू शब्द यायचा. त्यांनी तंबाखूचं विचारलं. आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही. चुलीवर स्वयंपाक केलाय का विचारलं. लहानपणापासून लग्नापर्यंत केला होता. त्या म्हणाल्या, काही वेळा कारण सापडतच नाही. मग बायकोला नर्सनं तपासणीसाठी पडद्यामागं नेलं आणि डॉक्टरबाईंनी सगळ्या जुन्या फिल्म मागितल्या. हिवाळ्यातला तो एक्स-रे माझ्या मोबाईलमध्ये होता. त्यांनी तो आपल्या संगणकावर घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फिल्मच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं.

"ही हनुवटी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. संगणकाच्या पडद्यावर फुप्फुसांच्या वरच्या टोकांवर एक पांढरट गोलाई उतरली होती. "हनुवटी वर घेऊन फिल्म काढतात. इथं ती खाली आहे, त्यामुळं दोन्ही टोकं झाकली गेली. काकूंनी तोंडात काही धरलं होतं का?"

बायको ज्याच्यामागं होती त्या पडद्याकडं मी पाहिलं. आतून नर्सचा आवाज येत होता. मी खुर्ची पुढं ओढून जवळजवळ कुजबुजत सांगितलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते नवीन नव्हतं. मी विचारलं, "तेव्हा दिसली असती का?"

"हनुवटी वर असती तर बहुतेक दिसली असती."

"आणि दिसली असती तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं की नाही हे त्या ठरवत असाव्यात. "तेव्हा कदाचित ऑपरेशन करता आलं असतं, काका," त्या म्हणाल्या. "आता नाही."

मी यंत्राचं विचारलं. खरं तर त्या क्षणी कुणी यंत्राचं विचारत नाही, पण मला दुसरं काही सुचेना. टोकं झाकलेली होती तर यंत्र हिरवी खूण करतंच कसं? डॉक्टरबाई म्हणाल्या की आजाराची खूण सापडली नाही, म्हणून त्यानं नाही म्हटलं. दिसत नाही आणि नाही, यांतला फरक त्याला वेगळा शिकवावा लागतो. चांगल्या यंत्रांना शिकवलेला असतो.

मी त्यांना हात जोडले आणि हनुवटीचं तिला कळू देऊ नका म्हणालो. त्या बरं म्हणाल्या. तेवढ्यात पडदा सरकला आणि ती बाहेर आली, पदर सारखा करत. "काय म्हणायल्यात बाई?" तिनं विचारलं. मी म्हणालो, उपचार सुरू करू म्हणतायत.

त्याच आठवड्यात मी त्या तपासणी केंद्रावर गेलो. जाताना डोक्यात काय काय होतं ते लिहीत नाही. तोच माणूस होता. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. मी मोबाईलवर फिल्म काढून त्याच्यासमोर धरली आणि काय निघालं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो हातातलं काम सोडून मला मागच्या खोलीत घेऊन गेला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी भांडायला गेलो होतो आणि तो माणूस उभ्यानंच रडवेला झाला.

मी आधी एवढंच विचारलं. फिल्म नीट नाही, पुन्हा काढा, असं हे यंत्र कधीच म्हणत नाही का?

"म्हणायचं काका," तो म्हणाला. "सुरुवातीला चालू होतं ते. पिवळी पट्टी यायची वर. पण बायांच्या फिल्मला सारखी तीच यायला लागली. एक काढतीय तर दहा नाय म्हणतेत, मग दातात धरतेत, मान खाली जातीय. दुसऱ्यांदा काढा म्हणलं की घरचे भांडायचे, किती येळा किरण मारता म्हणायचे. लाईन पार रस्त्यापर्यंत जायची. मग मालकांनी कंपनीला सांगितलं आणि त्यांनी ती पट्टी बंद करून दिली."

"आणि सही? डॉक्टर बघत नाहीत?"

"साहेब संध्याकाळी येतेत. लाल आलेल्या सगळ्या बघतेत, नीट बघतेत. हिरव्यावर सही छापूनच येती."

पिवळी पट्टी. यंत्राला येत होतं. त्याला शिकवणाऱ्यानं शिकवलं होतं, त्यानं इमानानं सांगितलंही होतं की मला दिसत नाही, आणि आमच्या माणसांनी त्याचं तोंड बंद केलं होतं, कारण आमच्या बायका गळ्यातलं काढत नाहीत आणि आमच्या लोकांना थांबायला आवडत नाही. यात शिवी द्यावी असं एकही माणूस मला सापडेना. कुणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकानं समोरची अडचण दूर केली होती, बस्स. दुष्ट माणूस सापडला असता तर निदान रात्री पडल्या पडल्या त्याच्या नावानं बोटं मोडली असती. मला तेवढाही आधार उरला नाही.

ती पट्टी पुन्हा चालू करा, एवढं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, मालकांशी बोलतो. पुढं मी मालकांनाही भेटलो. त्यांनी चहा दिला, फार वाईट वाटलं म्हणाले, नोंद घेतो म्हणाले.

शेक सुरू झाला. रेडिएशनला दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात. तिथं मात्र मंगळसूत्र चालत नाही. तिथल्या बाईनं पहिल्याच दिवशी बजावलं आणि बायकोनं मुकाट काढून माझ्या हातात ठेवलं. मी बघतच राहिलो. बाहेर आली की पहिलं काम ते परत घालायचं. दवाखान्याच्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्यात, माझ्याकडं पाठ करून केस बाजूला धरायची. तिची बोटं आता फाशात कडी अडकवू शकत नव्हती. माझी बोटं जाड, चष्मा नाकावर घसरायचा, ती कडी म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढी. "लावलं का?" ती विचारायची. "थांब." "लावलं का?" लागेपर्यंत एक पाऊल पुढं टाकायची नाही. मानेवरची कातडी शेकानं काळवंडली होती आणि मणी तिथं टोचायचे, हे मला दिसायचं. ठेव काढून थोडे दिवस, असं मी एकदाच म्हणालो. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

हनुवटीचं मी कधी बोललो नाही. रोज ती कडी लावताना ते ओठांवर यायचं आणि गिळायचो. काय सांगणार होतो? तू काढलं असतंस तर जगली असतीस? असं म्हणणाऱ्याची जीभ झडायला हवी.

औषधांचा परिणाम झाला नाही. डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बोलावलं आणि सरळ सांगितलं की आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. दुखण्याच्या कडक गोळ्या लिहून दिल्या. मुलगी येऊन राहिली. घरात सगळे हळू बोलायला लागले. मला ते हळू बोलणं सहन होईना, म्हणून मी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं बाहेर पडायला लागलो. आणि पाय आपोआप त्या केंद्राकडं वळायचे.

मी तिथं बाकावर बसायचो. कुणी हटकत नव्हतं, म्हाताऱ्या माणसाला वाटतं तिथं बसू देतात. एखादी बाई एक्स-रेला आली की मी तिला सांगायचो, ताई, गळ्यातलं काढा, हनुवटी वर घ्या. आता विचार करा, अनोळखी म्हातारा दवाखान्याच्या बाकावर बसून बायकांना मंगळसूत्र काढायला सांगतोय. काही जणी पर्स छातीशी धरून लांब जाऊन बसायच्या. एकीच्या भावानं मला दोन खडे शब्द सुनावले. मला चोरटा समजले असतील तर त्यात त्यांचं काय चुकलं?

एके दिवशी फुलंब्रीकडची एक तरुण बाई आली, बरोबर सासू. पोरीला खोकला होता, अंग बारीक झालं होतं, गाल आत गेलेले. मी उठून तिच्यापाशी गेलो आणि हात जोडूनच सांगितलं. माझ्या घरात काय झालं तेही सांगितलं. ती पोरगी घाबरून सासूकडं बघायला लागली. सासूनं सगळं ऐकून घेतलं. भली बाई होती, तिचे डोळेही भरले. मग म्हणाली, "दादा, तुमच्यावर लई वाईट येळ आली. पर माझ्या लेकाचं कुंकू हाय ते. तुमची मालकीण घालती का नाय?"

"घालते," मी म्हणालो.

"अजून पण?"

"अजून पण."

"मग आमाला का सांगायलात?"

पोरगी आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. तिनं मणी दातात धरले, मान खाली गेली. मी तिथूनच मोठ्यानं म्हणालो, हनुवटी वर घे पोरी. एक्स-रे काढणारा दारापर्यंत आला, माझ्याकडं न बघता त्यानं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कागद आला. त्यावर हिरवी खूण होती. सासूनं तो कागद कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. असेलही ती पोरगी निरोगी. मला कसं कळणार? त्या यंत्रालाही कळलं नव्हतं, आणि ते सांगायची सोय त्याच्यापाशी नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं मला सांगितलं की काका, उद्यापासून इथं बसू नका, पेशंट तक्रार करतात.

घरी आलो. मुलगी मागं धुणं धूत होती. बायको खाटेवर उशांना टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "दूध कुठंय?" तिनं विचारलं. दूध मी आणलंच नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुठं जाता हो रोज?"

मी सांगून टाकलं. केंद्र, बाक, ती सासू, तिचा प्रश्न, सगळं. बोलून झाल्यावर ध्यानात आलं की एवढे महिने जे तिच्यापासून दडवलं तेच मी तिच्यासमोर ओतून ठेवलंय. ती म्हणाली, "मला ठावं हाय. पडद्यामागं होते म्हणून काय झालं, कान शाबूत हायेत माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी लपवायलात म्हणून." तिनं श्वास घेतला. आता एका वाक्याला दोनदा थांबावं लागायचं. "बरोबर बोलली ती म्हातारी. मी बी तेच बोलले असते."

"अगं, पण त्याच्यापायी तुझा जीव..."

"माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला काय झालंय का? गोळी नाय, दवाखाना नाय. ह्या वयात धडधाकट हिंडायलात. मग? उगंच घातलं व्हय मी एवढी वर्सं?"

हे ती मला समजावत नव्हती, की माझी समजूत काढत नव्हती. तिचा तो सरळ हिशोब होता आणि तो बरोबर आला होता, त्यामुळं तिच्या तोंडावर समाधान होतं. मी आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवण्याचा पगार घेतला. तिची चूक मला दाखवता आली नाही. थोड्या वेळानं गोळी चढली आणि ती तशीच टेकून झोपली, तोंड किंचित उघडं, छातीत घरघर.

डॉक्टरबाईंनी मध्यंतरी माझीही तपासणी करून घेतली होती. साखर नाही, रक्तदाब नाही, आणि छातीची फिल्म त्यांनी स्वतः वरपासून खालपर्यंत पाहिली होती, स्वच्छ आहे. मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिलो. माझा श्वास काही न करता आत येत होता आणि बाहेर जात होता, आणि मला तो नको होता.